लष्करी ड्रोन आणि प्रवासी विमाने एकाच आकाशात: टक्कर कशी टाळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसते: आम्ही ज्या आकाशातून प्रवास करतो तिथेच ही ड्रोन उडणार असतील, तर ती आमच्या विमानाला धडकणार नाहीत याची काळजी कोण घेतो? सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लष्करी ड्रोनना स्वतंत्र जागा देऊन टाकली तर हा प्रश्नच उरत नाही. तसे का करत नाहीत?

बऱ्याच देशांत अजून तसेच करतात. आकाशाचा एखादा भाग ठरावीक वेळेसाठी राखून ठेवायचा, नॉटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून सगळ्यांना कळवायचे आणि प्रवासी विमाने वळसा घालून न्यायची. बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्राची चाचणी असली की हेच होते. पण चाचणी थोड्या वेळात आटोपते, आणि एमक्यू-९बी एका उड्डाणात ३० तासांहून जास्त वेळ हवेत राहू शकते. तेवढा वेळ, तेवढ्या लांबीचा पट्टा रोज बंद ठेवणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही.

'खूप उंचावरून उडवा' हा उपायही अनेकजण सुचवतात. ग्लोबल हॉक हे ड्रोन ६०,००० फुटांपर्यंत जाते आणि तिथे प्रवासी विमाने नसतात, हे खरे. पण तिथे पोहोचताना आणि परत उतरताना त्याला प्रवासी विमानांच्या उंचीतूनच जावे लागते.

२. आत वैमानिक नाही, मग समोरचे विमान ड्रोनला दिसते कसे?

हवाई वाहतुकीचा जुना नियम आहे की वैमानिकाने डोळे उघडे ठेवावेत आणि समोर कोणी दिसले तर बाजूला व्हावे. ड्रोनवर हे काम वेगवेगळ्या उपकरणांत वाटलेले असते.

पहिला गट स्वतःहून आपली ओळख सांगणाऱ्या विमानांसाठी. प्रवासी विमानात ट्रान्सपाँडर असतो. त्याला रेडिओवरून विचारणा झाली की तो ओळख आणि उंची कळवतो. एडीएस-बी यंत्रणा तर कोणी न विचारताच आपली जागा आणि वेग प्रसारित करत राहते. ड्रोनने हे संदेश ऐकले की समोरच्याचा ठावठिकाणा मिळतो.

खरी अडचण काहीच न सांगणाऱ्यांची आहे: ग्लायडर, पॅराग्लायडर, बलून, ट्रान्सपाँडर नसलेली जुनी छोटी विमाने. त्यांना ड्रोननेच शोधावे लागते. त्यासाठी नाकाडात रडार बसवतात, काही ड्रोनवर कॅमेरेही असतात. कॅमेरा दिशा अचूक सांगतो, पण अंतर नीट सांगू शकत नाही आणि ढगात आंधळा होतो. रडार ढगातूनही अंतर अचूक देते, पण खाली जमिनीकडे पाहताना डोंगर, इमारती आणि पक्ष्यांचे प्रतिध्वनी त्यात मिसळतात. म्हणून एकाच उपकरणावर विसंबायचे नाही, सगळ्यांची माहिती एकत्र करून त्यातून एकच चित्र उभे करायचे, अशी रचना असते.

३. प्रवासी विमानांत टीकॅस असतेच. तीच ड्रोनवर का बसवत नाहीत?

टीकॅस, म्हणजे दोन विमाने फार जवळ आली की वैमानिकाला इशारा देणारी, टक्कर टाळणारी यंत्रणा. ती उत्तम आहे आणि भारताला तिची किंमत फार मोठी मोजून कळली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन आयएल-७६ आकाशात आदळले. ३४९ माणसे गेली, एकही वाचला नाही. त्यानंतर भारताने टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली.

पण टीकॅसची सगळी गणिते माणूस उडवत असलेल्या जेट विमानासाठी मांडलेली आहेत. ती फक्त 'वर जा' किंवा 'खाली जा' असे सांगते, उजवीकडे-डावीकडे वळायला सांगत नाही, कारण तिच्या अँटेनाला समोरच्याची दिशा पुरेशी अचूक कळत नाही. 'वर जा' म्हटल्यावर पाच सेकंदांत वैमानिक प्रतिसाद देईल आणि विमान मिनिटाला १,५०० फूट या वेगाने चढेल, असे ती गृहीत धरते. लांब पंखांचे, मंद गतीचे, भरपूर इंधन घेतलेले ड्रोन दर वेळी तेवढे चढू शकेलच असे नाही. शिवाय टीकॅसला ट्रान्सपाँडर असलेलीच विमाने दिसतात. म्हणजे प्रश्न २ मधला अवघड गट तिच्या नजरेबाहेरच राहतो.

४. मग ड्रोनसाठी वेगळे काय आहे? एकॅस एक्सयू हे नाव ऐकले आहे.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनासाठी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने एकॅस एक्स नावाचे, टक्कर टाळणाऱ्या यंत्रणांचे कुटुंब विकसित केले. त्यातली एक्सए ही प्रवासी विमानांसाठी, एक्सयू मोठ्या मानवरहित विमानांसाठी आणि एसएक्सयू लहान ड्रोनसाठी. एक्सयूचे तांत्रिक मानक २०२० च्या अखेरीस जाहीर झाले.

टीकॅसमध्ये तज्ज्ञांनी बसून लिहिलेले नियम आहेत. एकॅस एक्समध्ये लाखो संभाव्य प्रसंगांचा हिशेब आधीच संगणकावर केलेला असतो: समोरचा इतक्या अंतरावर, या कोनात, या वेगाने येत आहे, तर आत्ता वळलो तर धोका किती, दोन सेकंद थांबलो तर किती, उगाच वळलो तर नुकसान किती. त्याचा एक प्रचंड तक्ता तयार होतो आणि उड्डाणात यंत्रणा त्यातून उत्तर शोधते. एक्सयू आडवी वळणेही सांगते, ड्रोनच्या चढण्याच्या मर्यादा धरते आणि रडारने हेरलेल्या, ट्रान्सपाँडर नसलेल्या विमानांचाही विचार करते.

हा तक्ता इतका मोठा होतो (संशोधकांनी अभ्यासलेली एक आवृत्ती २ जीबीहून जास्त होती) की त्याच्या जागी ४५ छोटी न्यूरल नेटवर्क वापरून तो काही एमबीत बसवण्याचा प्रयोग झाला. मग त्या नेटवर्कचे उत्तर कधीच धोकादायक नसेल हे गणिताने सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न उभा राहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरक्षितता तपासणारे संशोधक आजही आपल्या पद्धती याच उदाहरणावर घासून पाहतात. मला हे फार आश्वासक वाटते. 'चालते आहे ना' एवढ्यावर न थांबता 'चुकणार नाही हे दाखवा' असे विचारणारी माणसे या क्षेत्रात आहेत.

५. किती अंतर म्हणजे 'सुरक्षित'? आकडा सांगा.

अमेरिकी मानकात दोन मर्यादा आहेत. आतली मर्यादा म्हणजे जवळजवळ टक्करच: आडवे ५०० फूट आणि उभे १०० फूट. बाहेरची मर्यादा म्हणजे पुरेसे लांब राहणे: प्रवासाच्या टप्प्यात आडवे ४,००० फूट, उभे ४५० फूट, आणि जोडीला साधारण ३५ सेकंदांचा वेळेचा निकष. बाहेरची मर्यादा सांभाळणे हे ड्रोनचालकाचे रोजचे काम. ती मोडली आणि आतली जवळ आली, तर प्रश्न ४ मधली यंत्रणा शेवटचा उपाय म्हणून पुढे येते.

वेळेचा निकष का लागतो, ते हिशेबाने कळेल. ड्रोन २०० नॉट वेगाने जात आहे आणि समोरून २५० नॉटने प्रवासी विमान येत आहे. दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे २३० मीटरने कमी होते. ३५ सेकंदांत ८ किलोमीटर संपतात. म्हणून रडारला ते विमान त्याहूनही लांबून दिसायला हवे, कारण ओळखायला, ठरवायला आणि वळायलाही वेळ लागतो.

६. शेवटचा निर्णय कोण घेतो: जमिनीवरचा चालक की ड्रोनमधला संगणक?

वेळ असेल तोवर चालक. त्याला पडद्यावर आजूबाजूची विमाने आणि कोणत्या दिशेने वळणे सुरक्षित आहे याचे पट्टे दिसतात. तो एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रकाशी) बोलतो आणि वळतो.

अडचण अंतराची आहे. दूरवरच्या ड्रोनशी संपर्क भूस्थिर उपग्रहामार्फत होतो आणि तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नलला एकदा वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. चित्र आले आणि आज्ञा गेली म्हणजे अर्धा सेकंद निव्वळ प्रवासात जातो. त्यावर चित्र आकसण्या-उलगडण्याचा वेळ वेगळा. शेवटच्या काही सेकंदांत हा उशीर परवडत नाही. म्हणून एकॅस एक्सयूची सूचना थेट ऑटोपायलटकडे जाऊन ड्रोनने स्वतःच वळावे, अशी सोय ठेवलेली आहे.

माझे मत विचाराल तर ही सोय ऐच्छिक नसावी. संपर्क पूर्ण तुटला तर चालक असून नसल्यासारखाच. अशा वेळी ड्रोन आधी भरून दिलेल्या मार्गाने परत फिरते, आणि अमेरिकेत त्याचा ट्रान्सपाँडर ७४०० हा सांकेतिक क्रमांक पाठवू लागतो, म्हणजे नियंत्रकाला परिस्थिती कळते. त्या परतीच्या वाटेवर कोणी आडवे आले, तर ड्रोनकडे स्वतःची बुद्धी हवीच.

७. यंत्रणा 'वर जा' म्हणते आणि एटीसी 'खाली या' म्हणते. मग?

यंत्रणेचे ऐकायचे. हा धडा १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगेनवर मिळाला. एका रशियन टीयू-१५४ विमानाला टीकॅसने वर जायला सांगितले, नियंत्रकाने खाली यायला. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरच्या मालवाहू बोइंग ७५७ ने मात्र टीकॅसचे ऐकून खाली यायला सुरुवात केली होती. दोन्ही खाली आली. ७१ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बरीच शाळकरी मुले होती.

ड्रोनच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. दोन यंत्रणा एकमेकींशी रेडिओवरून बोलून ठरवतात की तू वर, मी खाली. ड्रोनवरच्या नव्या यंत्रणेला प्रवासी विमानातल्या जुन्या टीकॅसशी हा संवाद करता आलाच पाहिजे. एक्सयू घडवताना यावर विशेष भर दिला गेला, कारण टीकॅस असलेली विमाने पुढची अनेक वर्षे आकाशात राहणार आहेत.

८. लष्करी ड्रोनची खरोखर कधी टक्कर झाली आहे का?

झाली आहे. १५ ऑगस्ट २०११ रोजी अफगाणिस्तानात अमेरिकेचे शॅडो ड्रोन अमेरिकेच्याच सी-१३० मालवाहू विमानाच्या पंखावर आदळले. पंखाला मोठे नुकसान झाले, पण विमान सुखरूप उतरले.

त्याआधी, ऑगस्ट २००४ मध्ये, काबूलवर जर्मन लष्कराचे लुना ड्रोन अरियाना अफगाण एअरलाइन्सच्या एअरबस ए३०० विमानाच्या इतके जवळून गेले की अंतर सुमारे ५० मीटरच उरले होते. विमानात शंभरावर प्रवासी होते. विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यात सापडून ड्रोन कोसळले. ड्रोनच्याच कॅमेऱ्यात टिपलेली ती दृश्ये २०१३ मध्ये सर्वांसमोर आली. इतकी वर्षे प्रवाशांना हे कळले नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

९. तंत्रज्ञान आहे, पैसा आहे, मग देश अडतात कुठे?

ड्रोन आधी विकत घेतात आणि टक्कर टाळण्याचा विचार मागाहून करतात, तिथे. या पानावरच्या सगळ्या उत्तरांत मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

जर्मनीने ग्लोबल हॉकवर आधारित युरो हॉक बनवून घेतले. त्यात टक्कर टाळणारी यंत्रणा नव्हती, आणि तिच्याशिवाय युरोपच्या गजबजलेल्या आकाशात उडण्याचे प्रमाणपत्र मिळेना. ते मिळवायला आणखी ५० ते ६० कोटी युरो लागतील असा अंदाज आला, आणि मे २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तोवर शेकडो दशलक्ष युरो खर्च झाले होते. संरक्षणमंत्री थोमास द मेझियेर यांना संसदेत जाब द्यावा लागला.

स्वित्झर्लंडने २०१५ मध्ये सहा हर्मिस ९०० ड्रोन घ्यायचे ठरवले. त्यांच्यासाठी टक्कर टाळणारी यंत्रणा देशातच विकसित करायची होती. ते काम रखडत गेले आणि २०२५ मध्ये ती यंत्रणा सोडूनच देण्याचा निर्णय झाला. परिणाम असा की अनियंत्रित हवाई क्षेत्रात (जिथे एटीसी विमानांमधले अंतर राखत नाही) या ड्रोनसोबत माणूस असलेले दुसरे विमान पाठवावे लागते.

मुळातूनच हा विचार केला की चित्र बदलते. नासाने इखाना या एमक्यू-९ च्या बिगरलष्करी भावंडावर हवेतून हवेत पाहणारे रडार, टीकॅस आणि एडीएस-बी एकत्र बसवले. १२ जून २०१८ रोजी ते सोबतच्या विमानाशिवाय कॅलिफोर्नियाच्या नागरी आकाशात उडाले. त्याच वर्षी जुलैत एमक्यू-९बी जातीचे ड्रोन अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाहून अटलांटिक ओलांडून इंग्लंडमध्ये उतरले. इस्रायलने फेब्रुवारी २०२२ मध्ये हर्मिस स्टारलायनरला नागरी हवाई क्षेत्रात उडण्याचे प्रमाणपत्र दिले.

१०. ड्रोनवर वजन वाढवण्यापेक्षा जमिनीवरची रडार वापरली तर?

तळाजवळ हा चांगला मार्ग आहे. अमेरिकी लष्कराने काही तळांवर ग्रे ईगल ड्रोनसाठी तो वापरला: अनेक रडारांची माहिती एकत्र करायची आणि चालकाला 'आता निघा', 'थांबा' असे सांगायचे. विमानतळापासून राखीव क्षेत्रापर्यंतचा पट्टा यामुळे पार होतो. पण रडारच्या पल्ल्यापलीकडे, डोंगराआड किंवा समुद्रावर त्याचा उपयोग संपतो.

११. लष्करी विमानांना नागरी नियम लागूच होत नाहीत, असे ऐकले. खरे का?

बऱ्याच अंशी खरे, पण अर्धेच. १९४४ चा शिकागो करार नागरी विमानांसाठी आहे. मात्र त्याच्याच तिसऱ्या कलमात सरकारांवर बंधन आहे की लष्करी विमानांचे नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेची योग्य दखल घ्यावी. आठव्या कलमानुसार वैमानिकाविना उडणारे विमान परवानगीशिवाय दुसऱ्या देशावरून नेता येत नाही. जेट युग सुरू होण्याआधी हे लिहिले गेले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आपल्याकडचे ड्रोन नियम २०२१ तिन्ही सैन्यदलांच्या ड्रोनना लागू नाहीत. तिथे सैन्यदलांची स्वतःची प्रमाणन व्यवस्था आणि नियंत्रकांमधला समन्वय यांवर सगळे चालते.

१२. भारतात, विशेषतः आपल्या महाराष्ट्र-गोव्यात काय स्थिती आहे?

करारातल्या ३१ एमक्यू-९बीपैकी १५ नौदलाला, ८ भूदलाला आणि ८ हवाई दलाला मिळणार आहेत. नौदल २०२० पासून भाड्याने घेतलेली दोन ड्रोन तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजाळीवरून वापरत आले. त्यांपैकी एक सप्टेंबर २०२४ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे बंगालच्या उपसागरात उतरवावे लागले.

लष्कर आणि प्रवासी एकाच धावपट्टीवर, हे आपल्याला नवीन नाही. पुण्याचा लोहगाव हा हवाई दलाचा तळ, आणि तिथूनच आपली विमाने उडतात. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ. नाशिकला भूदलाच्या हवाई शाखेची प्रशिक्षण संस्था आहे. लष्करी नियंत्रक आणि नागरी वैमानिक रोज एकमेकांशी बोलतात, ही आपली मोठी जमेची बाजू. पण लढाऊ विमानात पाहणारी माणसाची नजर असते. ड्रोनसाठी त्या नजरेची जागा कोणते उपकरण घेणार, हे प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारलेच पाहिजे.

१३. गुप्त मोहिमेवर ड्रोनने ट्रान्सपाँडर बंद ठेवला तर?

तर प्रवासी विमानाची टीकॅस त्याला पाहू शकत नाही, आणि टाळण्याची सगळी जबाबदारी ड्रोनवर येते. समुद्रावर अशा उड्डाणांसाठीच एमक्यू-९ बनवणाऱ्या कंपनीने हवेतून हवेत पाहणारे रडार विकसित केले, आणि त्याला शिकागो करारातल्याच शब्दांवरून (प्रश्न ११ मधली 'योग्य दखल') ड्यू रिगार्ड रडार असे नाव दिले. रडारही बंद ठेवायचे असेल तर त्या आकाशात प्रवासी विमान असता कामा नये.

१४. विमानतळाजवळ, कमी उंचीवर ही यंत्रणा चालते का?

इथेच ती सर्वांत दुबळी असते. जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली टीकॅस 'वर जा, खाली जा' अशा सूचना देत नाही, कारण उतरणाऱ्या विमानाला अचानक हलवणे जास्त धोक्याचे. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान धडकून ६७ जण गेले. प्रवासी विमानाला जवळ कोणीतरी असल्याचा इशारा मिळाला, पण काय करायचे याची सूचना त्या उंचीवर येणारच नव्हती. हेलिकॉप्टर एडीएस-बी प्रसारित करत नव्हते. त्यात ड्रोनचा संबंध नव्हता, तरी धडा तोच: विमानतळाजवळ मार्ग आणि वेळ आधीच वेगळे ठेवा, यंत्रणेवर सोडू नका.

१५. युद्ध सुरू असेल तर?

आकाश बंद करणे हाच मार्ग. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात आपण उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद ठेवले. हल्ल्यासाठी सोडलेले ड्रोन कोणाला वाट देत नाही.

१६. मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. मोठ्या ड्रोनला मी दिसेन का?

भरवसा धरू नका. कापडी पंख आणि दोऱ्या रडारचा सिग्नल फार कमी परतवतात, तुमचा वेग पक्ष्याच्या जवळपास असतो, आणि पक्ष्यांचे ठिपके गाळताना यंत्रणा तुम्हालाही गाळू शकते. उड्डाणाआधी त्या भागाचे नॉटॅम पाहा किंवा क्लबला पाहायला सांगा, ठरलेली उंची ओलांडू नका. आपली जागा प्रसारित करणारे छोटे उपकरण क्लबमार्फत आणि परवानगी घेऊन वापरता येत असेल तर जरूर घ्या, कारण प्रश्न २ मधल्या पहिल्या गटात जाण्याचा तुमच्या हातातला तोच उपाय आहे.